आधी नाव, मग घास

बाईंना स्वयंपाक येत नव्हता. हे मी आधीच सांगते, कारण त्याही आधीच सांगायच्या. रविवारी सकाळी कर्जतच्या फलाटावर पाहुणे उतरले की त्या पिशवीतून शाळेची जुनी पितळी घंटा काढायच्या, दोनदा वाजवायच्या आणि वर्गासमोर उभं राहिल्यासारख्या म्हणायच्या, "मी निवृत्त शिक्षिका. मला चहासुद्धा नीट करता येत नाही. आज तुम्ही जे जेवाल त्याला माझा हात लागलेला नाही. निर्धास्त राहा."

पाहुणे हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

कर्जतमधल्या जुन्या वकील-मास्तरांच्या घरातल्या त्या. लग्न केलं नाही. अंगावर फिकी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. आई होती तोवर आईच्या हातचं जेवल्या, नंतर डब्याचं. मला एकदा त्यांनी चहा करून दिला होता. मी तो संपवला, कारण मला त्यांच्याशी वाद घालायचा होता आणि अर्धा कप तसाच ठेवून वाद घालणं बरं दिसलं नसतं. साखरेच्या जागी त्यात काय होतं ते मला अजून सांगता येणार नाही.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मी दुसऱ्याच्या हातचं खाल्लंय. निदान तिचं नाव तरी मला माहीत असावं की नाही?"

या एका वाक्यात बाई पूर्ण सापडतात. बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

दर रविवारी मुंबई-ठाण्याकडून, कधी पुण्याहून, आठ-दहा माणसं ट्रेननं यायची. बाई त्यांना पळसदरीच्या धरणापलीकडच्या वाडीत जेवायला न्यायच्या. ना पाटी, ना जाहिरात. आलेला माणूस पुढच्याला सांगायचा. वाडीतल्या बाया पाळीपाळीनं रांधायच्या आणि पाहुणे त्यांच्याच ओट्यावर, पळसाच्या पत्रावळीवर जेवायचे. एवढंच. पण हे एवढंच बाईंनी नियमांनी इतकं बांधून टाकलं होतं की पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण सहलीला आलोय की परीक्षेला, हेच कळायचं नाही.

पहिला नियम वड्याचा. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन लागतं तेवढ्या वेळात कर्जतच्या फलाटावर वड्यांचा वास इकडून तिकडे फिरतो. बाई वडे घ्यायच्या आणि प्रत्येकाच्या हातावर अर्धा ठेवायच्या.

"आणि उरलेला अर्धा?" कुणीतरी विचारायचंच.

"परतीला. भूक मोडायची नाही, नुसती जागी करायची."

दुसरा नियम गाडीचा. कर्जतहून खोपोलीच्या ट्रेननं एक स्टेशन यायचं आणि पळसदरीला उतरून चालायचं. एकदा एक गृहस्थ बायको-मुलीला घेऊन मोठ्या गाडीतून थेट वाडीच्या तोंडाशी आले. बाईंनी काचेवर घंटेनं टकटक केलं. "गाडी कर्जतला ठेवा आणि ट्रेननं या."

"अहो मॅडम, आम्ही पोचलोय!"

"गाडी पोचलीय. तुम्ही नाही. डिकीत काय आहे?"

डिकीत वेफर्स होते, सँडविच होते, थंड बाटल्यांची पेटी होती.

"बघा. घर सोबत घेऊन आलात. ट्रेनवाला फक्त भूक घेऊन येतो."

गृहस्थ तणतणत गेले. आता काही परत येत नाहीत, असं आम्ही धरून चाललो. दीड तासानं तिघं धरणाच्या वाटेनं चालत आले. मुलगी पुढे, तोंडभर हसत. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ट्रेनची खिडकी पाहिली होती. त्या दिवशी नाचणीच्या भाकरीचा सगळ्यात मोठा चट्टामट्टा तिनंच केला.

आणि तिसरा नियम, म्हणजे खरा नियम. पत्रावळ वाढली, वाफ निघायला लागली, हात पुढे झाले, की घंटा वाजायची. "नाव घ्या!"

डोंबिवलीची एक नवी नवरी यावर लाजून लाल झाली. पदर सावरला, नवऱ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं, "चांदीच्या ताटात बर्फीचे तुकडे..."

"अगं, नवऱ्याचं नको!" बाई ओरडल्या. "त्यानं काय केलंय? जिनं रांधलंय तिचं घे!"

वाडीतल्या बाया पदर तोंडात धरून हसल्या. नवरीला रांधणारीचं नाव ठाऊक नव्हतं. मग ती उठली, चुलीपाशी गेली, विचारून आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "चांगुणा." मग जेवली. नाव घ्यायचं, मग घास घ्यायचा. इतकी साधी अट, पण ती पाळताना भल्याभल्यांची जीभ अडखळताना मी पाहिलीय. शिकलेल्या माणसाला भाजीचं नाव विचारायला लाज वाटत नाही, करणारीचं विचारायला वाटते.

माझीही अडखळली होती. तो चहावरचा वाद त्याचाच.

मी नेरळची. आमच्या घरी पत्रकं छापायचं काम. मोर्चा कुणाचाही असो, पत्रक माझ्या वडिलांच्या यंत्रावरून जायचं. अक्षरओळख मला त्यावरच झाली. माझा 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. कॉलेजात असताना मी वाड्यांमधल्या बायांच्या हक्कांवर एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला बाईंकडे नेलं. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तरी पान लाल झालं. 'आदिवासी महिला' हे शब्द जिथे जिथे होते तिथे तिथे बाईंनी गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं : कोण?

"बाई, पत्रक एका बाईबद्दल नसतं," मी चढ्या आवाजात म्हणाले. "ते वर्गाबद्दल असतं."

"मी पस्तीस वर्षं वर्गच सांभाळला," बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्गाला हजेरी असते. नावं वाचल्याशिवाय मी एक दिवस शिकवायला सुरुवात केली नाही."

पुढच्या रविवारी मी पळसदरीला उतरले आणि पुढची काही वर्षं उतरतच राहिले.

तिथे चांगुणा भेटली. पन्नाशीकडे झुकलेली, बारीक, बोलायला खणखणीत. वाडीत सगळ्याच रांधायच्या, पण शेवळं रांधावीत तर चांगुणेनं. शेवळं म्हणजे जूनच्या तोंडावर रानात जमिनीतून भाल्यासारखे वर येणारे कोंब. जेमतेम महिनाभर मिळतात. नुसते शिजवले तर घसा असा खाजतो की पाणी पिण्याची पंचाईत. त्यावर उतारा काकडांचा. काकडं म्हणजे बोराएवढी हिरवी, आंबट रानफळं. त्यांचा रस पडला की खाज गेली. वाडीतली बाई बाजारात शेवळांची जुडी देते तेव्हा मूठभर काकडं न मागता वर ठेवते.

चांगुणेच्या शेवळांत वाल असायचे, कधी सुकट असायची. आणि वाढायच्या आधी ती सगळ्यांदेखत स्वतः एक घास खायची, थोडं थांबायची, मग पातेलं पुढे सरकवायची.

"आमच्या आयनं शिकवलंय," ती म्हणायची. "खाजलं तं पयलं माजं खाजू दे."

बाईंच्या घरी देवाला दाखवल्याशिवाय कुणी चव घेत नसे. त्यांना चांगुणेची ही रीत इतकी आवडली की त्या पाहुण्यांना म्हणायच्या, "बघा, हिला म्हणतात जबाबदारी. सही करते तशी घास घेते."

याच शेवळांवरून पुढचं सगळं घडलं.

खालापूर तालुक्यात, लोधिवलीच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे. त्यांनी रानभाज्यांचा महोत्सव ठरवला. व्यवस्थापक वाडीत आले, चांगुणेची शेवळं खाल्ली, दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "ताई, रेसिपी द्या."

"रेशिपी काय द्यायची? मी येते रांधायला. तितं माजं नाव लावा म्हंजे झालं."

"नाव नाही लावता येणार. आमच्याकडे कार्डावर शेफचं नाव असतं."

"मंग शेफच रांधंल," चांगुणा म्हणाली. रागावली नाही. शेवळांच्या जुड्या दिल्या, काकडं वेगळ्या पिशवीत बांधून दिली आणि टेंपोवाल्याला दोनदा बजावलं, "काकडं टाकायला इसरू नका म्हनावं."

शनिवारी महोत्सव झाला. रविवारी सकाळी माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. रिसॉर्टच्या हिरवळीवर माणसं घसा धरून बसलेली, कुणी बर्फ चघळतंय, कुणी खोकतंय. खाली लिहिलेलं : पळसदरीच्या वाडीतली विषारी भाजी, सावध राहा.

त्या रविवारी खोपोलीच्या ट्रेनमधून पळसदरीला एकही पाहुणा उतरला नाही. चुलीवर दहा माणसांचा भात शिजून तयार होता. बाई एकट्याच फलाटावरून चालत आल्या. हातात कागदात गुंडाळलेले अर्धे वडे होते. चांगुणेनं त्यांच्या मागे पाहिलं, मग वाटेकडे पाहिलं, मग भाताखालची लाकडं मागे ओढली.

"आमी काय ईख इकतो का बाई?" ती हळूच म्हणाली. "माज्या आयनं केली, आज्यानं खाल्ली. येकाचं तरी काय झालंय का?"

मी संध्याकाळपर्यंत पत्रक लिहून काढलं. त्यात भांडवल होतं, लूट होती, शतकांचा हिशोब होता. बाईंनी लाल पेन उघडलं, दोन्ही पानं वाचली आणि खाली एकच ओळ लिहिली : ह्यात काकडं कुठे आहेत?

मंगळवारी व्यवस्थापक गाडीतून आले. बाईंनी सवयीनं सुरुवात केली, "गाडी कर्जतला..." पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते सरळ चांगुणेपाशी गेले. "ताई, कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगा की तुमच्याकडून चुकून दुसरीच भाजी आली. नाव सांगा, चूक झाली म्हणा, विषय संपला. वर तुम्हाला आमच्या किचनमध्ये कायमचं काम."

ओट्यावर सगळ्या बाया उभ्या होत्या. काम मोठं होतं. चांगुणेचं घर तेव्हा तिच्या एकटीच्या मजुरीवर चालायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, आणि हो म्हणाली असती तर मला तिला दोष देता आला नसता.

चांगुणेनं पदराला हात पुसले.

"भाजीला माजं नाव नको हुतं तुमाला," ती म्हणाली, "आन् खाजंला पायजे?"

बाईंच्या हातातली घंटा आपोआप एकदा वाजली. बाई म्हणाल्या, "शनिवारी तुमचे पाहुणे असतील?"

"आहेत. भाजीबद्दल सगळे विचारतायत."

"मग ही येईल. तुमच्या किचनमध्ये हीच शेवळं रांधेल, सगळ्यांसमोर आधी स्वतः खाईल. तुमचा कॅमेरा खुशाल लावा."

"माझी गाडी पाठवतो."

"नको," चांगुणा आणि बाई एकदमच म्हणाल्या.

शनिवारी पहाटे चांगुणा रानात गेली, शेवळं आणली. पळसदरीहून कर्जत ट्रेननं आणि पुढे टेंपोनं, आम्ही तिघी मांडीवर टोपल्या घेऊन पोचलो. रिसॉर्टच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि चांगुणा थांबली. स्वागताच्या टेबलावर काचेचा मोठा वाडगा होता. पाणी भरलेलं, वर दोन मेणबत्त्या तरंगणाऱ्या आणि तळाशी हिरवीगार, गोल, बोराएवढी फळं.

"बाई," ती म्हणाली. "माजी काकडं."

मग चांगुणा हसायला लागली. टोपली खाली ठेवून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मेनबत्त्यांची खाज मोडाया ठेवल्यात का गं?"

आवाज ऐकून आतून शेफ आला. तिशीतला, पांढऱ्या टोपीतला, सांगलीकडचा. वाडग्याकडे बघून त्याचे कान लाल झाले. "ताई, पिशवी वेगळी आली. मला वाटलं सजावटीची आहेत."

"टेंपोवाल्यानं काय सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असेल. मी ऐकलं नाही," तो म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाला मी मानते. व्यवस्थापक तेवढे कॅमेरा कुठे लावायचा ते बघायला निघून गेले.

चांगुणेनं तोच वाडगा उचलला, मेणबत्त्या काढून टेबलावर ठेवल्या, पाणी ओतलं आणि काकडं घेऊन आत गेली. दोन तास ती शेफला शिकवत होती. "वरचं सालपट काड. आतला पिवळा भाग नको, टाक तो. आता बारीक चीर. आरं, बारीक म्हंजे बारीक!" तो हो ताई, हो ताई करत होता. बाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही. सगळ्यांच्या सुरक्षेसाठी तेच बरं होतं.

जेवणाच्या दालनात पन्नासेक माणसं होती. चांगुणेनं पातेलं मधोमध ठेवलं, एक घास घेतला आणि थांबली. सगळं दालन तिच्या घशाकडे बघत होतं. तिनं गिळलं. पाण्याकडे बघितलंही नाही. मग पातेलं पुढे सरकवलं.

बाईंनी घंटा वाजवली. "नाव घ्या!"

कुणाला काही कळेना. मग मागून आवाज आला, "चांगुणाताई." शेफ होता तो. त्यानं टोपी काढली होती. प्रत्येक टेबलावरच्या कार्डावर 'शेवळं' या शब्दाखाली त्याचं स्वतःचं नाव छापलेलं होतं. पुढच्या टेबलावरचं कार्ड उचलून त्यानं खिशातल्या पेनानं ते खोडलं आणि वर लिहिलं : चांगुणा, पळसदरी. मग दुसरं कार्ड. मग तिसरं. लोक स्वतःच आपापली कार्डं पुढे करायला लागले. "चांगुणाताई", "चांगुणाताई", एकेका टेबलावरून नाव येत गेलं, पातेलं फिरत गेलं. लोकांनी ते पुसून खाल्लं. कुणाचा घसा खाजला नाही.

मी आयुष्यभर घोषणांच्या आवाजात वाढलेली मुलगी. पण एका नावाचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. माझ्या कुठल्याही पत्रकानं जे केलं नाही ते त्या एका पातेल्यानं केलं, आणि तिथे मी हजर होते, याचा मला अजून अभिमान वाटतो. कॅमेऱ्यातलं सगळं पुढे फोनाफोनी फिरलं. पुढच्या रविवारी पळसदरीला इतकी माणसं उतरली की वडे अर्ध्याऐवजी पाव करावे लागले.

आता बाई नाहीत. कर्जतच्या फलाटावर रविवारी घंटा चांगुणा वाजवते, आणि गाडीवाल्यांना परत पाठवताना बाईंपेक्षाही जास्त कडक असते. पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं, परतल्यानंतरचं.

दुपार कलली तेव्हा आम्ही वाडीत पोचलो. वाडीतली माणसं शेतावर होती. पहाटेपासून उभी असलेली चांगुणा ओट्यावर खांबाला टेकली आणि तशीच झोपली. दिवसभरात तिच्या पोटात तो एकच घास गेला होता, कारण पातेल्यात काही उरलंच नव्हतं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं कौलांमधून एवढा धूर निघाला की मी धावले.

"बाहेर बस," आतून आवाज आला. "तू पत्रकं लिही."

चांगुणा खोकत उठली. "बाई, चुलीला काय झालं?"

बाई वाडगा घेऊन बाहेर आल्या. नाकाला काजळी, पदराला राख. "पेज केलीय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

चांगुणेनं वाडगा घेतला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली.

"बाई, नाव घेतल्याबिगर कसं खाऊ? तुमचं नाव काय वो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत वाडीत कुणालाच ते माहीत नव्हतं. त्या फक्त बाई होत्या. रांधणारीचं नाव घ्यायचं, आणि त्या कधी रांधतच नव्हत्या.

"राहू दे गं. मला कुठे रांधता येतं."

"पेज तुमीच केली ना?"

"केली."

"मंग?"

बाईंनी नाव सांगितलं. हळूच, हजेरीला उत्तर देणाऱ्या मुलीसारखं. चांगुणेनं ते मोठ्यांदा घेतलं, पुढे ताई लावून, आणि पेजेचा घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं.

"आळणी हाय," ती म्हणाली. "खाली करपलीय. वर कच्ची हाय." आणि रिकामा वाडगा पुढे केला. "आनखी द्या."

ते नाव मी या लेखात कुठेही लिहिलेलं नाही. बाईंचा नियम मला मोडवत नाही. ती पेज मी खाल्लीय, चांगुणेनं खाल्लीय. तुम्ही खाल्लेली नाही.